रणगाड्याला नाव कोण ठेवतं?

प्रश्न : आमच्याकडं उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर काहीतरी नाव रंगवलेलं असतं. रणगाड्यांनाही जवान अशी नावं ठेवतात का? की अर्जुन, भीष्म हीच ती नावं?
– एक विद्यार्थी, कागल

उत्तर : बाळा, अर्जुन, भीष्म, अजेय ही सरकारी नावं. ती अख्ख्या जातीची, खिलार म्हटल्यासारखी. टी-९० म्हणजे भीष्म, टी-७२ म्हणजे अजेय. पण आपल्या दावणीचा खिलार 'सर्जा' असतो की नाही? तसं एकेका गाडीचं नाव वेगळं.

अरुण खेत्रपाल यांचं नाव ऐकलं असशील. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट, वय २१. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्यांचा सेंच्युरियन रणगाडा पेटला. मागे या म्हणून हुकूम आला, पण तोफ चालतीय म्हणून ते गाडी सोडून उतरले नाहीत. परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. त्या सेंच्युरियनचं नाव 'फॅमागुस्ता'. सायप्रसमधलं बंदर आहे ते.

ही रीत जुनी. १९१६ साली इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे लढाईत आणले, तेव्हाच त्यांना नावं होती. त्यांच्या 'डी' नावाच्या तुकडीतल्या गाड्यांची नावं 'ड'वरून. एकीचं नाव 'डिनाकेन', म्हणजे स्कॉटिश बोलीत 'म्हाईत न्हाई'! आमच्या उद्यमनगरातला पेंटरही असलंच काहीतरी काढेल. 'डेबोरा' नावाची गाडी १९१७ मध्ये फ्रान्सात तोफेला बळी पडली, मातीखाली गेली आणि थेट १९९८ ला उकरून काढली.

मला मात्र रशियाची मारिया ओक्त्याब्रस्काया जवळची वाटते, कारण मीही रणगाड्याचा ड्रायव्हर. नवरा १९४१ ला लढाईत गेला. बाईनं किडूकमिडूक विकून ५० हजार रुबल उभे केले आणि स्टालिनला कळवलं, यातून एक रणगाडा घ्या, नाव 'लढाऊ मैत्रीण' ठेवा आणि चालवायला मलाच द्या. दिला की! तुटलेला ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, जोडायला ती भर गोळीबारात खाली उतरायची. असंच उतरलेली असताना १९४४ च्या जानेवारीत तोफगोळ्याचा तुकडा लागला, मार्चमध्ये गेली. ट्रॅक जोडणं काय असतं ते मला विचार. शांततेतसुद्धा पाठीचा काटा ढिला होतो.

आता आमचं सांगतो. टी-७२ मध्ये तिघंच. कमांडर, गनर आणि पुढं खाली मान घालून बसलेला मी. तोफेत गोळा भरायचं काम यंत्र करतं, म्हणून चौथा गडी नाही. राजस्थानातल्या थंडीत सकाळी स्टार्ट करताना आमची गाडी असली खोकायची, की तिला 'म्हातारी' म्हणायला लागलो. रंगवलं कुठंच नाही, नुसतं तोंडात. म्हणजे नावही दिलं आणि नावंही ठेवली.

घरी पत्रात गाडीबिडीचं लिहायला बंदी. एकदा मी लिहिलं, 'म्हातारी चार दिवस अंथरुणाला होती, आता बरी आहे.' आईला वाटलं, साहेबांची आई. तिनं जोतिबाला नवस बोलला. सुट्टीवर आलो तर नारळ-गुलाल पिशवीत तयार. खरं सांगितल्यावर आई म्हणाली, "असू दे, बोललाय तर फेडाय पायजे." मग काय, चढलो डोंगर.