उलार ट्रेलर, पासिंग आणि पसरणीचा घाट

गेल्या महिन्यात या सदरात ट्रॉलीच्या पाट्यांबद्दल (धक्के झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्यांबद्दल) पानभर लिहिलं, त्यावर एकही प्रश्न आला नाही. शेवटी जाता जाता जुनी जीप ट्रेलरवर घालून नेण्याबद्दल दोन ओळी होत्या, त्यावर मात्र ढीग पडला. कुपवाडच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात माझी हयात गेली. कार वाहून नेणारे ट्रेलर त्यामानाने थोडेच केले. ट्रॉलीचं शहाणपण जिथे चालत नाही तिथे मीही ठेच लागूनच शिकलोय, हे आधी सांगून ठेवतो.

तासगावहून: "वडिलांची मारुती ८०० चुलत्यांच्या गोठ्यात ११ वर्षं उभी आहे. ती मिरजेला गॅरेजमध्ये न्यायची आहे. बोलेरो आहे, घरी वेल्डिंग मशीनही आहे. ट्रेलरला स्टील किती लागेल?"

एकदाच न्यायची असेल तर मशीन झाकून ठेवा आणि सपाट पाठीची टोइंग गाडी भाड्याने बोलवा. स्टीलच्या बिलापुढे ते भाडं चिल्लर वाटेल. पण तुमच्या पत्रावरून हौस दिसते, म्हणून हिशेब मांडतो.

८०० चं वजन साधारण ६५० किलो, लांबी ३.३४ मीटर. तिच्यासाठी ३.६ मीटर लांबीची फ्रेम पुरते. चार इंची चॅनेल (सी-आकाराचा लोखंडी गर्डर) मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. दोन उभे ३.६ मीटरचे, चार आडवे १.६ मीटरचे आणि पुढच्या ए-आकाराच्या दांडीचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे, मिळून १६.६ मीटर. म्हणजे १५८ किलो. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. मग मोह होतो तो वर सगळीकडे पत्रा टाकण्याचा. ४ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ३१.४ किलो, अख्ख्या फ्रेमवर टाकला तर १८१ किलो झाले. गाडी उभी राहते चार चाकांवर, मधल्या पत्र्यावर कोणी बसत नाही. चाकांखाली ३५ सेंटिमीटर रुंदीच्या दोनच पट्ट्या टाका, ७९ किलोत काम होतं. शंभर किलो वाचले. ॲक्सल, पाटे, चाकं, चढायच्या फळ्या धरून ट्रेलर साडेतीनशेपर्यंत जाईल आणि गाडीसकट सगळं हजार किलो. हा हजाराचा आकडा लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

आधी सगळीकडे नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, जुळले की मगच पूर्ण वेल्डिंग करा. दांडी फ्रेमला पुढच्या कडेवरच जोडून थांबू नका. ती आत, निदान दुसऱ्या आडव्या चॅनेलपर्यंत न्या. घरगुती ट्रेलर तुटतो तो बहुधा याच जोडावर. आणि ११ वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला धरलेले असणार. चेनपुली लावण्याआधी चाकं फिरतात का ते बघा, नाहीतर गाडीऐवजी गोठ्याचा खांब पुढे यायचा.

विट्याहून: "ट्रेलर बांधून झाला. रिकामा असताना मस्त चालतो. गाडी चढवून ५० च्या पुढे गेलं की शेपूट हलवायला लागतो. चाकांचं अलाइनमेंट दोनदा तपासलं."

अलाइनमेंट सोडा. तुमचा ट्रेलर उलार आहे.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. ओझं मागे गेलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. पुढे फार घेतलं तर बैलांच्या मानेवर सगळा भार. ट्रेलरचंही तेच, फक्त बैलाच्या मानेऐवजी गाडीचा हूक. फरक एवढाच की बैल थांबतो, बोलेरो थांबत नाही.

हूकवर किती भार हवा? एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या खाली कधीच नको, मी ८ धरतो. हजार किलोला ८० किलो. हूकपासून ॲक्सलपर्यंत ३ मीटर अंतर असेल, तर सगळ्या वजनाचा मध्य ॲक्सलच्या पुढे ३ मीटरच्या ८ टक्के, म्हणजे २४ सेंटिमीटरवर आला पाहिजे. बस, एवढंच गणित आहे. पण कागदावरच्या गणितावर विसंबून पाटे फ्रेमला धरणारे हँगर वेल्ड करू नका. क्लॅम्पने धरा, फ्रेमच्या चारी कोपऱ्यांखाली घोडे (लोखंडी टेकू) लावा, गाडी चढवा. मग मागचे घोडे फ्रेमला न टेकता जेमतेम खाली ठेवा, पुढचे काढा आणि दांडीचं टोक हूकच्या उंचीला ओंडक्यावर ठेवून त्याखाली घरातला वजनकाटा सरकवा. १२० किलोपर्यंतचा काटा पुरतो. ८० दाखवला की खुणा करा, गाडी उतरवा आणि मग वेल्डिंग. एकूण वजन साखर कारखान्याच्या काट्यावर करता येतं. त्या काट्यांबद्दल शेतकऱ्यांचं मत काय असतं ते मी इथे लिहीत नाही.

तुमचा ट्रेलर वेल्ड होऊन बसलाय, त्यामुळे ॲक्सल हलवण्याआधी गाडी हलवून बघा. ६५० किलोची गाडी १० सेंटिमीटर पुढे घेतली की हूकवर जवळपास २२ किलो वाढतात. नेमकी जागा सापडली की पुढच्या चाकांपुढे अँगलचा अडसर कायमचा ठोका.

आणि एक विचारतो, रागावू नका. गाडी उलटी तर चढवत नाही ना? मी चढवली होती. पहिलाच ट्रेलर, ८००, गॅरेजमध्ये तोंड बाहेर करून उतरवायला बरं म्हणून बोनेट मागे. या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, म्हणजे सगळं जड सामान ट्रेलरच्या शेपटीला. मिरजेच्या बाहेर, उताराच्या एका साध्या वळणावर ट्रेलरने पहिला झोका दिला, दुसऱ्याला ओढणारी जीप आडवी झाली, तिसऱ्याला आम्ही शेतात. पीक हरभऱ्याचं होतं, शेतकरी भला होता. मी त्या वेळी जी चूक केली ती तुम्ही करू नका: मी घाबरून जोरात ब्रेक दाबला. शेपूट हलू लागलं की ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवून झोका मोडायला जायचं नाही. वेग उतरला की ट्रेलर आपोआप मागे सरळ येतो.

कवठेमहांकाळहून: "टायरच्या बैलगाडीचा आख पडून आहे. तो वापरू की भंगारातून ८०० चा मागचा ॲक्सल आणू?"

बैलगाडीचा आख नको. तो ताशी ४-५ किलोमीटरसाठी आहे, त्याला पाटे नाहीत. ६० च्या वेगाने खड्ड्यात आदळला तर बसणारा मार थेट वर बांधलेल्या गाडीला आणि तुमच्या वेल्डिंगला.

८०० चा ॲक्सल चांगला, पण तो त्या गाडीच्या साधारण अर्ध्या वजनासाठी केलेला आहे आणि तुम्ही त्यावर अख्खी गाडी अधिक ट्रेलर घालणार. टायरच सांगतो बघा. मापाच्या पुढे एक आकडा छापलेला असतो. ८०० च्या १४५/८० आर १२ टायरवर ७४ असेल तर एका टायरची ताकद ३७५ किलो. दोघांची ७५०. आपलं ओझं हजार, त्यातले ८० हूकवर, उरले ९२०. नापास. ८५ आकड्याच्या १६५/८० आर १४ ला ५१५ किलो झेपतात, दोन मिळून १,०३०. पास, पण काठावर, आणि ॲक्सल-बेअरिंगही त्या वजनाचं हवं. दोन ॲक्सल घालायचे असतील तर दोन्हींच्या पाट्यांना मधे झुलता दुवा द्या, नाहीतर गतिरोधकावर सगळा भार एकाच ॲक्सलवर येतो.

पाट्यांना वेल्डिंगचा रॉड लावायचा नाही, साधा टाकासुद्धा. उष्णतेने पाण उतरतं आणि पाटा तिथेच मोडतो. यू-बोल्ट कशाला आहेत मग?

वाईहून: "पाचगणीहून जुनी जीप खाली आणायची आहे. ट्रेलरला ब्रेक लागतातच का? ओढणारी स्कॉर्पिओ आहे, दणकट आहे."

ओढायला दणकट आहे हो. प्रश्न पसरणीच्या घाटात ओढण्याचा नाही, अडवण्याचा आहे. १५ ला १ अशा उतारावर दीड टनाचा भरलेला ट्रेलर शंभर किलोच्या जोराने गाडीला मागून ढकलत राहतो आणि वळणावर हा धक्का सरळ नसतो, तिरका असतो. त्यानेच गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात.

युरोपात एकूण ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तो आकडा मी इथेही पाळतो. सर्वांत सोपे धक्क्यावर चालणारे ब्रेक: पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, हूकमागची दांडी आत दबते, तिचा लीव्हर केबल ओढतो आणि ड्रमचे ब्रेक लागतात. यात मेख अशी की रिव्हर्स घेतानाही दांडी दबते आणि ट्रेलर हटून बसतो. विकत घेताना रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारे ब्रेक आहेत का हे विचारा.

घाटात ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर थांबून ट्रेलरच्या प्रत्येक हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. जीप बांधताना चार पट्टे, हँडब्रेक आणि गिअर, तिन्ही. हूकशिवाय दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या लावा. हूक सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

साताऱ्याहून: "आमच्या एमएच-११ च्या रस्त्यांवर बिनपासिंगच्या ट्रॉल्या सर्रास दिसतात. माझ्या एका छोट्या ट्रेलरला कोण विचारणार?"

अपघात झाला की विमा कंपनी विचारेल. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी आणि निदान थर्ड पार्टी विमा लागतो. नोंदणीसाठी त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पुण्याची एआरएआय त्यांपैकी एक. घरी बांधलेल्या एकट्या ट्रेलरसाठी ते मिळवणं फार जिकिरीचं आहे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं प्रमाणपत्र कारमागे चालत नाही.

मग माझं उत्तर काय? शेतात, आवारात, खासगी जागेत वापरायचा असेल तर खुशाल बांधा. रस्त्यावर न्यायचा असेल तर मंजूर नमुन्याचा ट्रेलर घ्या आणि हाताची खाज भागवायला फळ्या, अडसर, चेनपुलीचं स्टँड एवढं स्वतः करा. निदान स्टील घेण्याआधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा, नंतर नाही. शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान बघा. कित्येक छोट्या गाड्यांना कंपनीने काहीही ओढायची परवानगी दिलेली नसते.

सांगलीहून: "२०१९ च्या महापुरात गाडी बुडाली तेव्हा दोरीने ओढून आणली, मग गिअरबॉक्स गेला. गाडी ऑटोमॅटिक आहे. दोरी चुकली का?"

हो, बहुतेक. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा घासतो. तुमच्यात वर पुराचं पाणीही शिरलं असेल. अशी गाडी पुढची चाकं उचलून किंवा सरळ पाठीवर घालूनच न्यायची. मागची चाकंही इंजिनवर चालणारी असतील तर पाठीवरच. साध्या गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये दोरीने जवळच्या गॅरेजपर्यंत चालेल, पण आत परवानाधारक माणूस हवा, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि वेग ताशी २५ च्या आत. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, हे त्या माणसाला आधी सांगा.

कराडहून: "डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे मागचे सगळे लाल दिवे लुकलुकतात. वायरिंग दोनदा बदललं."

वायरिंग नाही, अर्थिंग. तुम्ही अर्थ फ्रेमवर दिलाय आणि फ्रेमचा अर्थ हूकच्या ग्रीस लावलेल्या बॉलमधून मिळेल असं धरलंय. तो मिळत नाही, म्हणून इंडिकेटरचा करंट टेल लॅम्पमधून वाट शोधत परत जातो. प्लगच्या अर्थच्या पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर ओढा. फ्रेमला जिथे जोडाल तिथला रंग ग्राइंडरने खरवडून, वॉशर घालून कसा. आणि मागे लाल, बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावाच. गळीत हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे ज्याने कधी करकचून ब्रेक मारलाय, त्याला मी हे सांगायची गरज नाही.