पाऊस सरासरीएवढा, मग ज्वारी का वाळते?

तुम्ही विचारलंय, हवामान खातं पाऊस सरासरीएवढा झाला म्हणतं, तरी जमीन लवकर का वाळते आणि पिकं का करपतात?

मी राहतो कोथरूडला, पण आमची थोडी काळी, जिरायती जमीन आहे पुरंदरच्या पूर्वेकडे. तिथली रब्बीची ज्वारी पावसावर नाही, ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढे जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढायची. आता आठवडाभराची रिपरिप जाऊन तोच पाऊस दोन तासांत कोसळला, तर पर्जन्यमापकात आकडा तोच दिसतो, पाणी मात्र ओढ्याला गेलेलं असतं.

शिवाय हवेची तहान वाढलीय. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते मिळालं नाही की ती माती आणि पानं शोषते. जमिनीतून 1 मिलिमीटर ओल उडाली म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी गेलं. टँकरच की!

मागे एकदा डिसेंबरात गेलो तर पीक पोटरीत होतं, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच होतं, आणि सकाळी दहालाच पानांच्या सुरळ्या झालेल्या. चुलते म्हणाले, "हात घालून बघ." भेगेत कोपरापर्यंत हात गेला. काळी माती वाळली की आकसते, बारीक मुळं तुटतात आणि भेगेतून खालचीही ओल उडते. रोप पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटतं, पण मग अन्न तयार होणंही थांबतं. दाणा चिमतो. अशा वेळी युरिया फेकून उपयोग नाही, कारण खत मुळांपर्यंत न्यायला पाणीच लागतं.

सगळं खापर हवामानावर फोडू नका मात्र. शेणखत आपणच बंद केलं, त्यामुळे मातीची पाणी धरायची ताकद गेली.

आमच्याकडे म्हण आहे, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणं. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळप्याने करतात, भेगा बुजवायला. त्या वर्षी मजूर न मिळाल्याने एका तुकड्यात ती राहिली. तिथे नुसता कडबा झाला, हुरड्यापुरतंही कणीस भरलं नाही.