पाकिस्तानातल्या ख्रिश्चनांवर लिहिताना

प्रिय मित्रा,

मसुदा वाचला. मेहनत घेतली आहेस, पण सगळा लेख 'मुसलमान विरुद्ध ख्रिश्चन' एवढ्यावरच उभा आहे. (आणि तो 'पाकडे' शब्द आधी काढ.)

आसिया बीबीचंच घे. जून 2009, शेखूपुरा जिल्हा, शेतात फालसे तोडणाऱ्या मजूर बायका. तिने पाणी आणलं आणि ख्रिश्चन बाईच्या हातचं पाणी नको म्हणून बाकीच्या अडून बसल्या. वाद तिथून पेटला, पैगंबरांच्या निंदेचा आरोप मागून आला. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा विटाळ समजावून सांगायला नको. पंजाबातल्या बहुतेक ख्रिश्चनांचे पूर्वज चुहडा या सफाईकाम करणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या जातीतले. धर्म बदलला, देश बदलला, झाडू काही हातातून सुटला नाही. सफाई कामगारांच्या जाहिरातींत 'फक्त मुस्लिमेतर' अशी अट कितीदा तरी छापून आली आहे. हे तुझ्या लेखात कुठेच नाही!

कायद्याबद्दल नेमकं लिही. पैगंबरांच्या निंदेचं कलम 295-सी लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात, 1986 मध्ये आलं. शिक्षा मृत्युदंडाची, पण त्याखाली सरकारने आजवर कुणाला फाशी दिलेली नाही. जीव घेतात ते जमाव आणि बंदूकवाले. आसियाची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी 2011 मध्ये स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी गेले; मार्चमध्ये ख्रिश्चन मंत्री शाहबाज भट्टी. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं, तोवर नऊ वर्षं तुरुंगात गेली होती. तासीर मुसलमान, तिचा वकील मुसलमान, सोडणारे न्यायाधीशही मुसलमान. या कलमाचे कितीतरी आरोपीसुद्धा मुसलमानच. तुझ्या मांडणीत ही माणसं कुठे बसवणार?

कराचीच्या गोवेकर ख्रिश्चनांचा परिच्छेद वेगळा कर. इंग्रजी शाळा, नोकऱ्या, क्लब असलेला तो समाज. पाकिस्तानकडून कसोटी खेळलेला पहिला मुस्लिमेतर, वॉलिस मथायस, त्यांच्यातला. त्यातले पुष्कळजण पुढे परदेशी गेले. पंजाबातल्या वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेल्या ख्रिश्चन मजुराला ती वाट कधीच नव्हती. दोघांना एका वाक्यात कोंबू नकोस.

ऑगस्ट 2023 मध्ये पंजाबातल्या जडांवाल्यात चर्च आणि घरं जाळली गेली, त्याची वर्णनं तू भरपूर दिली आहेस. ती निम्मी कर. पकडलेल्यांपैकी किती जणांना जामीन मिळाला, साक्षीदार उभे राहिले का, भरपाई कुणाच्या हाती पडली, एवढं शोध आणि मग दुसरा खर्डा पाठव.