गोळी मिश्रीच्या डबीशेजारी

प्रिय पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. ‘सिस्टर, आशा सेविकेच्या कामातलं बाळंतपण, लसी हे जमतं हो, पण हार्टचं लोकांना काय सांगू?’ असं विचारलंस. सांगायच्या आधी विचारायला शीक, एवढंच तेव्हा म्हणाले. आता जरा सविस्तर लिहिते.

तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली, भरताना बायकांच्या तंबाखूच्या रकान्यात तू ‘नाही’ लिहून मोकळी होशील. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की त्या नाहीच म्हणणार, आणि त्या खोटंही बोलत नसतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे कुणी धरतच नाही. ते दात घासणं. म्हणून ‘मिश्री दिवसातून कितीदा लावता?’ असंच विचार. कमरेचा घेर मोजायचा तर सासऱ्यासमोर टेप काढू नकोस, आत चल म्हणावं. आतल्या खोलीत त्या बाकीचंही बोलतात.

मिठाचंही तसंच. ‘मीठ कमी खा’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हटलं, एकानंही ऐकलं नाही. मग विचारायला लागले, महिन्याला मिठाचे पुडे किती लागतात? माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला ७५० ग्रॅम, एक किलोचा पुडासुद्धा संपायला नको. दोन-तीन पुडे सांगणारी बाई आपणच थबकते. लोणचं, पापड, ठेचा यांचा हिशेब मग तीच करते. आपल्या ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं हे मात्र कौतुकानं सांग. सारखं ‘हे सोडा, ते सोडा’ करणारी आशा दारात दिसली की लोक मागच्या दारानं शेतात जातात.

आपल्या बीडशेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिकवलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर. कुणाच्या घरात काय शिजतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते डॉक्टरला ठाऊक नसतं. तुझ्याकडेही तेच आहे. (कागदावर तू अजून ‘स्वयंसेविका’, पगार नाही, मोबदला. त्याबद्दलचा माझा राग वेगळ्या पत्रात.)

बीपी मोजताना घाई नको. माणसाला पाच मिनिटं टेकून बसू दे, पाय जमिनीला, हात काळजाच्या उंचीवर. चहा-तंबाखू नुकतीच झाली असेल तर अर्धा तास थांब. दोनदा मोज. १४०/९० च्या वर आलं तरी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं तू जाहीर करायचं नाही, उपकेंद्रावर पाठवायचं.

खरी कसोटी त्यानंतर. बीपी दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोज गोळी घ्यायला माणूस सहज तयार होत नाही. महिनाभरात आकडा १३० वर आला की ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद. आकडा गोळीमुळे उतरलाय, हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं काहींच्या पायांवर सूज येते, तेही गोळी सोडायचं कारण होतं. गोळी का सोडली हे आधी विचार, डॉक्टरांकडे परत ने, रागावू नकोस. मी एकीला मिश्रीवरून चारचौघींत बोलले होते. तिनं वर्षभर मला दार उघडलं नाही, तिची गोळीही तेवढे दिवस बंद होती. दुसरीनं गोळ्यांचं पाकीट मिश्रीच्या डबीशेजारी ठेवलं, म्हणजे विसर पडायला नको! तेव्हा शहाणपणानं गप्प बसले. आधी गोळी सुरू राहू दे, मिश्रीचं पुढे बघू.

आणि आपल्या बीडचं खास दुखणं म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कोयत्याला निघतं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. कारखान्यावर ना आपलं उपकेंद्र, ना तू. पहाटे तीनला उठायचं, रात्री गाडी भरायची, दवाखान्यात गेलं की खाडा, म्हणजे मजुरी कापली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. गोळी तिथंच सुटते. म्हणून जाणाऱ्यांची यादी आधीच कर, जास्त दिवसांच्या गोळ्यांसाठी मेडिकल ऑफिसरच्या मागे लाग. एका कागदावर गोळीचं नाव, डोस आणि शेवटचं बीपी लिहून तो आधार कार्डाच्या पिशवीत घालायला सांग. ती पिशवी हरवत नाही. ‘नाश्त्यानंतर घ्या’ म्हणू नकोस, उसाच्या फडावर नाश्ता कसला? पहाटेचा चहा होतोच, त्याच्याबरोबर.

आणखी एक. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं याला आपल्याकडे सरसकट ‘गॅस’ म्हणतात. बायकांना तर कधी नुसतं मळमळतं, दम लागतो. एका घरी सोडा पाजत होते, मीही ‘पडू द्या थोडं’ म्हणाले. संध्याकाळी तो माणूस गेला. तू वाट बघू नकोस. १०८ लाव, त्याला चालू देऊ नकोस. गॅस निघाला तर लोक हसतील, हसू देत.

दसऱ्याला महिना राहिलाय. यादी झाली की घरी ये. जाड दंडासाठी बीपी मोजायचा मोठा पट्टा माझ्याकडे आहे, उपकेंद्रातला लहान पडतो आणि आकडा उगाच जास्त दाखवतो. तो घेऊन जा.

तुझी,
जुनी सिस्टर