एस्सोचं एक्सॉन : नामांतर, नामविस्तार की आणखी काही?

नागपूरच्या एका अनुवादिकेचा प्रश्न आहे. तेलकंपन्यांवरच्या लेखात त्यांनी लिहिलं, '१९७२ साली एस्सोचे नामांतर एक्झॉन असे झाले.' संपादकांनी 'नामांतर' खोडून 'पुनर्नामकरण' केलं. बरोबर कोणतं?

'नामांतर'च ठेवा. भाषांतर, देशांतर, वेषांतर यांतल्या 'अंतर'चा अर्थ 'दुसरं'. तसंच नामांतर म्हणजे दुसरं नाव. नामकरण बारशाला होतं. त्याला 'पुनर्' जोडलेलं व्याकरणात बसतं, पण रुळलेला शब्द हाताशी असताना हा खटाटोप कशाला?

वाक्यात खरी गडबड दुसरीच आहे. 'एस्सो' ही पंपावरची पाटी होती. कंपनीचं नाव होतं न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल. 'एस' आणि 'ओ' या आद्याक्षरांच्या उच्चारातूनच 'एस्सो' झालं. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मूळ स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. 'स्टँडर्ड' नावावर इतर तुकड्यांचाही हक्क राहिला, त्यामुळे अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत एस्सोची पाटी लावायची सोय नव्हती. शेवटी कुणाचाच दावा नसलेला, काहीच अर्थ नसलेला 'एक्सॉन' हा शब्द घडवला. अमेरिकेबाहेर मात्र एस्सो हे नाव आजही चालतं. म्हणून वाक्य असं करा : '१९७२ साली न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने एक्सॉन हे नाव घेतले आणि अमेरिकेतल्या तिच्या पंपांवर एस्सोच्या जागी तीच पाटी लागली.'

आपल्याकडच्या एस्सोबद्दल तर 'नामांतर' लिहूच नका. १९७४ साली कायदा करून सरकारनं तिचा इथला व्यवसाय ताब्यात घेतला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. तिथे मालकच बदलला, ते राष्ट्रीयीकरण. बर्मा शेलच्या बाबतीत दोन्ही गोष्टी झाल्या : १९७६ साली कंपनी सरकारकडे येऊन भारत रिफायनरीज झाली, हे राष्ट्रीयीकरण, १९७७ साली तिचंच नाव भारत पेट्रोलियम झालं, हे निव्वळ नामांतर.

जुनं नाव ठेवून त्याला जोड दिली तर शब्द 'नामविस्तार'. नागपूरकरांना हा फरक समजावून सांगायला नको. १९७९ साली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला तो नामांतरासाठी. १९९४ साली 'मराठवाडा' कायम ठेवून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, तो नामविस्तार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचंही तसंच. तेलकंपन्यांत हाच निकष लावा : नॉर्वेची स्टॅटऑइल २०१८ साली इक्विनॉर झाली ते नामांतर, फ्रान्सची टोटल २०२१ साली टोटलएनर्जीज झाली तो नामविस्तार.

आता उच्चार. 'एक्झॉन' नको, 'एक्सॉन' लिहा. इंग्रजीत या शब्दाचा आघात पहिल्याच अक्षरावर आहे, म्हणून 'क्स' ऐकू येतो. 'एक्झाम', 'एक्झॅक्ट' यांत आघात पुढच्या अक्षरावर जातो आणि ध्वनी घोष होतो, म्हणजे 'क्स'चा 'ग्झ' ऐकू येतो.

जाता जाता : बातम्यांत 'माजी बर्मा शेल', 'पूर्वाश्रमीची एस्सो' असं सर्रास दिसतं. माजी आमदार असतो. पूर्वाश्रम संन्याशाचा, फार तर माहेरच्या आडनावापुरता. कंपनीला साधं 'पूर्वीची' पुरतं, आणि बोलताना 'जुना एस्सो पंप' म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळतं.