बजेटमध्ये विदर्भ फिरताना दोघांपैकी एक आजारी पडला तर?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दिवाळीनंतर तुम्ही नवरा-बायको पाठीवर सॅक टाकून पंधरा दिवस विदर्भ फिरणार. एसटीनं प्रवास आणि मिळेल त्या स्वस्त खोलीत मुक्काम, लोणारपासून मेळघाट आणि पुढे गडचिरोलीकडे. वाटेत एकजण आजारी पडला तर काय करायचं, आणि पैसे मोजके असताना ट्रिप सोडून परत यायचं का?

मी अमरावतीची, नवरा सांगलीचा. हे सगळं आमच्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये गुदरलंय आणि आजारी मी पडले होते. तेही माहेरच्या जिल्ह्यात. सासरी अजून हसतात.

औषधांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. आमचं चुकलं ते औषधात नाही, हिशोबात. कमी पैशांत फिरताना आजारी माणूस सर्रास खोटं बोलतो. ‘बरं वाटतंय आता’ हे माझं वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, आणि ते एकदाही खरं नव्हतं.

आमच्याकडे एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा सात दिवसांचा पास होता, दोघांचाही. (आता घेणार असाल तर आधी गणित मांडा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तुमच्या बायकोला पासापेक्षा सुटी तिकिटंच स्वस्त पडतील अशी शक्यता आहे.) हा पास खिशात असला की माणूस जरा येडाच होतो. रोजचा दिवस वसूल करायचा असतो. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद, तिथं सकाळ निवांत घालवायची सोडून आम्ही तासाभरात खाली उतरून वर आलो, कारण अकोल्याची गाडी होती. मग परतवाडा, मग चिखलदरा. पाचव्या दिवशी चिखलदऱ्याहून उतरून परतवाड्याला धारणीची गाडी पकडली. सेमाडोहच्या अलीकडे वळणावळणाच्या रस्त्यावर पोटात पहिला मुरडा आला.

गाडीत काय झालं ते लांबवत नाही. पुढच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी कंडक्टरला फर्मावलं, “थांबवा न भाऊ गाडी, पोरीचा जीव घाबरून राहिला.” गाडी थांबली, मी रस्त्याच्या कडेला मोकळी झाले आणि अख्खी गाडी शांतपणे वाट बघत बसली. कुणी हूं की चूं केलं नाही.

पुढच्या एका गावात उतरलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण खोलीवाल्याबद्दल आता वाईट लिहिणार आहे. त्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक सातशेची, संडास-बाथरूम आतच. दुसरी तीनशेची, संडास अंगणाच्या पलीकडे. मी पोट धरून भिंतीला टेकले होते आणि नवरा सातशेच्या खोलीची किल्ली घेत होता. मीच म्हटलं, “कशाला उगाच, थांबलंय आता.” चारशे रुपये वाचवले.

रात्रीत अकरा वेळा गेले. अंगण ओलांडून, विहिरीला वळसा घालून, टिनाच्या दाराचा संडास. आत दिवा नाही, आणि कडी लागायची नाही म्हणून दार हातानं ओढून धरायचं. दुपारी भरून ठेवतो म्हणालेली बादली शेवटपर्यंत भरली गेली नाही, नवऱ्यानंच प्रत्येक वेळी विहिरीतून पोहरा काढला. रात्री मण्यार निघते म्हणून तो पुढे काठी आपटत चालायचा, एका हातात मोबाईलचा टॉर्च. मग दाराबाहेर उभा राहून, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून, मोठ्यानं काहीतरी बोलत राहायचा. त्याच्या मामाच्या हळदीला सांगलीच्या बाजारात काय भाव मिळाला, अडत किती कापली, हे मी त्या रात्री चार वेळा ऐकलं. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

दोन वाजता आमचं भांडण झालं. तो म्हणाला, सकाळी गाडी ठरवून सरळ अमरावतीला जाऊ. खोलीवाल्यानं साडेतीन हजार सांगितले होते. मी म्हटलं, साडेतीन हजारात आपण आणखी चार दिवस फिरतो, आणि पासाचे दोन दिवस अजून शिल्लक आहेत. पासाचे दोन दिवस! अंगात पाणी उरलं नव्हतं आणि मी पास वाचवत होते.

त्यात आणखी एक घोळ. आमच्याकडे ओआरएसचं एकच पाकीट होतं. नवऱ्यानं ते अख्खं अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं, म्हणाला, जरा कडक असू दे. ही चूक पुष्कळ जण करतात. त्या पाकिटातल्या मीठ-साखरेचं प्रमाण एक लिटर पाण्यासाठीच बांधलेलं असतं. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोबत मिठातलं सोडियम ओढून नेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कमी पाण्यात कालवलं की उलटं होतं, ते दाट पाणी शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं आणि जुलाब वाढतात. म्हणून पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीचं पाणी. घोट घोट प्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं सुरू करायचं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मेडिकलमध्ये गोड ज्यूसचा डबा हातात ठेवला तर घेऊ नका. पूर्वी अशा डब्यांवरही ओआरएस लिहिलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याला मनाई केली, पण मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या तोंडात ते नाव बसलंय. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलेला बघा. वजन साधारण २०.५ ग्रॅम असतं. आम्ही आता सहा पाकिटं नेतो, सॅकमध्ये वजनही होत नाही.

सकाळी सॅक बांधायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. तिथून पुढचे निर्णय नवऱ्यानं घेतले, मला न विचारता. खोलीवाला सांगत होता की गावात एक डॉक्टर सलाईन लावून देतो, लगेच उभं करतो. नवऱ्यानं त्याच्याऐवजी आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, घर विचारलं. त्यांनी त्यांच्या भाच्याची मोटारसायकल काढायला लावली आणि चार किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही पोचलो. मी मध्ये, नवरा मागून धरून.

तिथल्या सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, “लघवीले कधी गेल्त्या ताई?” मला आठवेना. आदल्या दुपारनंतर गेलेच नव्हते. जुलाब मी नीट मोजले होते, हे मोजायचं सुचलंच नव्हतं. तुम्ही दोघांनीही हेच विचारत राहा. सहा-आठ तासांत लघवी नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि थेंबभर, उठल्यावर चक्कर, जीभ कोरडी, पाणी पोटात टिकत नाही, शौचात रक्त किंवा सोबत ताप, यातलं काहीही असलं तर खोलीत पडून राहायचं नाही. जुलाब थांबवायची गोळी ताप किंवा रक्त असताना घ्यायची नाही. उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मारणं तर सोडूनच द्या.

सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. पहिली संपत आल्यावर सिस्टर नवऱ्याकडे वळली. “अन् भाऊ, तुमी काही खाल्लं का?” त्यानं आदल्या दुपारपासून खाल्लं नव्हतं. “काहून नाही खाल्लं? तुमी पडले तं हिले कोन पाहीन?” हे ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं. मी स्वतःचं लपवण्यात इतकी गुंतले होते की त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. संध्याकाळी आशाताईंनी घरून डब्यात ज्वारीच्या पातळ कण्या पाठवल्या, नुसतं मीठ घातलेल्या. माझ्यासाठी वाटीभर आणि त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा. पैसे विचारले तर रागावल्या.

तेव्हा केसपेपरचे किरकोळ पैसे दिले होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत उपचार मोफत झाले, केसपेपरसकट. म्हणजे तुमच्या बजेटला सगळ्यात स्वस्त दवाखाना हाच. शिवाय आदिवासी भागात साधारण वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असं धोरण आहे, त्यामुळे मेळघाटात आणि गडचिरोलीत खाजगी दवाखान्यापेक्षा ते जवळ सापडण्याची शक्यता जास्त. मुक्कामाच्या गावात पोचलात की चहा पितानाच विचारून ठेवा: आरोग्य केंद्र कुठं, आशाताई कुठं राहतात, रेंज कुठं मिळते. तिसरा प्रश्न विसरू नका. १०८ ची अँब्युलन्स फुकट येते, पण ती फोन लागल्यावर. मेळघाटात काही गावांत फोन लावायला टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जावं लागतं.

आता तुमचा पैशांचा प्रश्न. आम्ही प्रत्येक ट्रिपला पाच हजार रुपये नोटांत वेगळे ठेवतो आणि ते ट्रिपच्या खर्चात धरतच नाही. ते आजारपणाचे. त्यातून दवाखान्याचा खर्च फारसा होत नाही, होतो तो संडास आत असलेल्या खोलीचा, ठरवलेल्या गाडीचा आणि दोन दिवस जास्त राहण्याचा. उरले तर परत येताना नागपुरात सावजी मटण. दुसरा नियम निघण्याआधी घरी बसून केलेला आहे: आजारी पडलेल्याला मत नाही. थांबायचं, दवाखाना गाठायचा, गाडी करायची, हे धडधाकट असलेला ठरवणार आणि दुसरा कुरकुर करणार नाही. तेव्हाच्या तेव्हा हे ठरवायला गेलात तर रात्री दोन वाजता विहिरीपाशी भांडाल. आणि धडधाकट असलेल्यानं वेळेवर जेवायचं, हे त्या सिस्टरनं घालून दिलेलं कलम.

ट्रिप सोडायची का? सलग एक दिवस खाल्लेलं पोटात राहिलं, लघवी नेहमीसारखी झाली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी चक्कर आली नाही, तर पुढे जा, पण पुढचा टप्पा निम्मा करा. तापाचं मात्र असं नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीत ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. आशाताईंकडेही त्याचं किट असतं, सुई टोचून जागच्या जागी कळतं. गवतातून, झुडपांतून फिरला असाल तर काखेत, जांघेत, कमरेला एखादी काळी खपली दिसते का तेही बघा. स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापाची ती खूण असते आणि स्वतःला ती सहसा दिसत नाही, जोडीदारानंच बघायची. आम्ही मात्र पुढे गेलो नाही. पासाची मुदत आरोग्य केंद्राच्या खाटेवरच संपली आणि तिसऱ्या दिवशी साधी तिकिटं काढून अमरावतीला आईकडे गेलो. धारणी अजून बघायची राहिलीच आहे.

आणि हो, घरी पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरांना तुम्ही होऊन सांगा की आम्ही मेळघाट-गडचिरोली फिरून आलोय. पुण्या-मुंबईचा डॉक्टर ते विचारेलच असं नाही, आणि मलेरियाचा ताप डास चावल्यानंतर इतक्या उशिराही येतो.