जुनी बुलेट ३५० : इंजिन खोलण्याआधी काय तपासावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे की, वडिलांची १९८८ सालची बुलेट ३५० दोन पावसाळे शेडमध्ये उभी होती. आता ती बऱ्याच किका मारल्यावर चालू होते, सुरुवातीला भरपूर निळा धूर सोडते, पंधरावीस किलोमीटरनंतर तापून बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालते. गॅरेजवाल्याने इंजिन खोलून बोअर करण्याचा (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचा) सल्ला दिला आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, या लक्षणांवरून आत्ताच इंजिन खोलू नये. ओतीव लोखंडी ब्लॉकचे हे इंजिन एकदा खोलले की ब्लॉक, पिस्टन, रिंगा, गॅस्केट असा खर्च वाढतच जातो, आणि मूळ दोष पॉइंटमध्ये (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या तोंडांमध्ये) किंवा त्यांना जोडलेल्या, तेथली ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरमध्ये असेल तर तो तसाच राहतो.

प्रथम धुराविषयी. या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी नसून क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) मागच्या भागात असते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की त्या कप्प्यातले ऑइल पंपातून हळूहळू पाझरून क्रँकच्या बाजूला उतरते. पहिल्या किकेनंतर तेच ऑइल पिस्टनच्या वर जाऊन जळते आणि निळा धूर येतो. पाचदहा मिनिटांत धूर विरळ होत असेल, तर त्यावरून रिंगा गेल्या असे ठरवता येत नाही. येथे एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. अशा उभ्या गाडीत डिपस्टिकवर ऑइल कमी दिसते आणि मालक वरून आणखी ओततो. मग इंजिन चालू झाल्यावर खाली उतरलेले ऑइल परत येते, एकूण पातळी जास्त होते आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर फेकले जाते. म्हणून पातळी नेहमी इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून मग पाहावी. आपल्या गाडीचे ऑइल तर पूर्ण काढून टाकावे, फेल्टचा फिल्टर बदलावा आणि २०डब्ल्यू-५० भरावे. चालू केल्यावर रॉकरकडे (हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट किंचित ढिला करून तेथे ऑइल येते की नाही, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

त्यानंतर कॉम्प्रेशन. डीकॉम्प्रेसर (किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) न दाबता किकवर शरीराचा भार हळूहळू टाकावा. किक काही क्षण भार पेलून मग सावकाश खाली जात असेल, तर रिंगा आणि व्हॉल्व्ह कामापुरते ठीक आहेत असे समजण्यास हरकत नाही. किक लगेच खाली गेली तरीही आधी डीकॉम्प्रेसरची केबल पाहावी. तिला थोडा ढील असलाच पाहिजे. केबल ताणलेली असेल तर डीकॉम्प्रेसरचा छोटा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन तेथूनच निघून जाते. केवळ या एका कारणावरून ब्लॉक बोअर करायला गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावावेत, शक्यतो सकाळी. प्लग काढावा, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा. ब्लॉकच्या उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडले की दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी रॉकरला वर ढकलणाऱ्या सळ्या) समोर दिसतात. या इंजिनात फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून फट ठेवायची नसते. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली अजिबात हलता कामा नये. चेकनट घट्ट करताना माप हमखास थोडे बदलते, त्यामुळे घट्ट केल्यावर पुन्हा फिरवून पाहावे. पुशरॉड अडकून फिरत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निघून जाऊन किक हलकी लागते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका राहतो.

आता मुख्य विषय, म्हणजे पॉइंट. आपली गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर चालते, या लक्षणात माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे आणि दुसरा कॉइलवर. अंधार पडल्यावर पॉइंटचे झाकण काढून इंजिन चालू ठेवावे आणि पॉइंटकडे नीट पाहावे. बारीक, अधूनमधून दिसणारी ठिणगी चालते. परंतु भडक ठिणगी सतत उडत असेल आणि पॉइंटच्या एका तोंडावर खळगा व दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला असेल, तर कंडेन्सर बदलावा. गाडी बंद पडताच लगेच प्लग काढून ठिणगी तपासावी, कारण थंड झाल्यावर तपासले तर सर्व काही ठीकच दिसते. त्याच वेळी पेट्रोल टाकीचे झाकणही उघडून पाहावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे आणि दोष विजेचा नसून पेट्रोल न उतरण्याचा आहे.

पॉइंटची फट ते सर्वांत जास्त उघडलेले असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. तोंडे बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने पुसून कोरडी करावीत आणि कॅमवर ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवावा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) मऊ असते. ती लवकर झिजते, फट कमी होते आणि टायमिंग (प्लगवर ठिणगी पडण्याची वेळ) आपोआप मागे पडते. मग इंजिन तापते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरला दिला जातो. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत सुटे भाग घेताना येथे थोडे जास्त पैसे देणे योग्य ठरते.

फट आधी आणि टायमिंग नंतर हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) मिटलेल्या स्थितीत, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. प्लगचे छिद्र तिरके असल्याने त्यातून चाकाचा स्पोक घालून घेतलेले पिस्टनचे माप थोडे अंदाजाचेच असते, तरी घरच्या कामाला ते पुरते. स्पोक लांब घ्यावा आणि हातातून सोडू नये. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहण्यासाठी हेडलाइटच्या खोबणीतला अँपिअर मीटर पुरेसा आहे. चावी चालू करून चाक अगदी सावकाश, इंजिन फिरते त्याच दिशेने फिरवावे. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि ते उघडताच मध्यावर परत येतो. काटा सरकतो तो क्षणच आपल्याला हवा असतो. टायमिंग फार पुढे गेले तर किक उलटी बसते आणि घोट्याला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नये.

चालू करतानाही हाच काटा उपयोगी पडतो. किक दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत न्यावी, डीकॉम्प्रेसर दाबून, काटा मध्यावर आलेला पाहून, पिस्टन टोकाच्या किंचित पुढे काढावा, डीकॉम्प्रेसर सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी.

कार्बोरेटरकडे मी मुद्दाम शेवटी वळतो. दोन वर्षांचे पेट्रोल टाकीतून आणि फ्लोटच्या वाटीतून काढून टाकावे. पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारे बारीक छिद्र असलेला भाग) क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावा, त्यात तार घालू नये. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा धरते. त्यामुळे टाकी आतून गंजली आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहावे, तसेच जुने रबरी पाइप आणि कॉकचे वॉशर बदलून टाकावेत. चेन, क्लच आणि ब्रेकची कामे इंजिन नीट चालू लागल्यावर करावीत.

हे सर्व झाल्यानंतर गाडी तीसचाळीस किलोमीटर चालवावी. गरम इंजिनावर, चढावर थ्रॉटल उघडल्यावर निळा धूर कायम राहिला तर रिंगांचा किंवा बोअरचा प्रश्न खरा आहे. बराच वेळ आयडलवर ठेवून एकदम थ्रॉटल दिल्यावरच धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीकडे) पाहावे, आणि त्यासाठी केवळ हेड उतरवणे पुरेसे असते. ब्लॉक काढावाच लागला तर टर्नरकडून बोअरचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी आपल्यासमोर घेऊन लिहून घ्यावे, आणि ते हातात आल्यावरच पिस्टनची साइज ठरवावी.